अंदाजपत्रकाचं ट्रेनिंग, आणि त्यानंतरचं खरं बजेट : माझा अनुभव

परभणी जिल्ह्यातल्या एका क वर्ग, म्हणजे छोट्या नगर परिषदेत मी लेखापाल आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये संभाजीनगरला अंदाजपत्रकाचं जरा वरच्या लेव्हलचं निवासी ट्रेनिंग केलं आणि तिथं शिकलेलं घेऊन फेब्रुवारीत प्रत्यक्ष बजेट सभागृहातून मंजूर करून घेतलं, तेव्हापासून ओळखीतले बरेच लेखापाल विचारायलेत की नेमकं काय शिकवतात, जावं का नको, सीओ (मुख्याधिकारी) साहेबांना कसं पटवायचं. प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहितो. लांब होईल.

पहिली अडचण म्हणजे जायचीच. सप्टेंबर २०२५ ची अतिवृष्टी सगळ्या मराठवाड्यानं भोगली, आमच्याकडं बी नाल्याकाठच्या वस्तीत पाणी शिरलेलं, निम्मा स्टाफ पंचनाम्यात, उरलेला गाळ काढण्यात, आणि नेमकं त्याच वेळी माझं ट्रेनिंगचं पत्र आलं. सीओ साहेब म्हणले, "आत्ता कुठं निघालात? बजेट तर दरवर्षी करायलातच की." मी म्हणलं साहेब, नाल्याच्या कामाला पैसे कुठून टाकायचे हे आत्ता दोन आठवडे झाले आपण शोधायलो, तेच शिकवणारेत तिथं. हे मी नुसतं सुटका व्हावी म्हणून बोललो होतो खरं तर. पण सोडलं त्यांनी, कार्यमुक्तीच्या आदेशावर सही केली आणि वर सांगितलं की फोन बंद ठेवायचा नाही.

पत्रासोबत एक यादी होती, येताना काय काय आणायचं त्याची. तीन वर्षांची घरपट्टी-पाणीपट्टीची मागणी, वसुली, शिल्लक. सगळ्या बँक खात्यांची योजनावार शिल्लक. वीजबिलं, मीटरवार. आणि दायित्वाची यादी, म्हणजे काम झालंय, बिल मंजूर आहे किंवा होणार आहे, पण पैसे दिलेले नाहीत अशा सगळ्या रकमा. ही यादी वाचून पाच मिनिटात गोळा होईल असं वाटतं, पण गोळा करायला बसलं की आपलं ऑफिस कसं चालतं ते कळतं. कर विभागाकडं चालू वर्षाचं सॉफ्टवेअरमध्ये होतं, त्याआधीचं एका एक्सेलमध्ये आणि ती एक्सेल जुन्या डीव्हीबी-टीटी फॉन्टमध्ये, माझ्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसते कंस आणि टिंबं. वीजबिलं निम्मी पाणीपुरवठ्याच्या कपाटात, निम्मी विद्युत विभागाच्या टेबलावर. आणि दायित्वाची यादी एका कागदावर कुणाकडंच नव्हती, ती फक्त ठेकेदारांना तोंडपाठ होती. शेवटी एका ठेकेदारालाच बसवून घेतलं आणि त्यांच्याकडून लिहून घेऊन आपल्या मोजमाप पुस्तिकेशी ताडून पाहिलं, काय करणार.

आदल्या दिवशी तपोवन एक्सप्रेसनं गेलो. होस्टेलला मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांचे लोक, बरेचसे माझ्यासारखेच नगर परिषद राज्यसेवेतून आलेले तरुण लेखापाल, थोडे जुने मुरलेले. माझा रूम पार्टनर उदगीरकडचा, रात्री झोपताना म्हणला, "बजेट आपण करायचं आणि त्यातले आकडे दुसऱ्यांनी सांगायचे, मग ट्रेनिंग आकडे सांगणाऱ्याला कामून देत नाहीत?" प्रश्न बरोबर होता.

पहिल्या दिवशी सकाळी पूर्वचाचणी. सोपी वाटणारी पण अडकवणारी. एक प्रश्न असा होता की मालमत्ता कराच्या बिलात वसूल होणारा शिक्षण कर आणि रोजगार हमी कर हे नगर परिषदेचं उत्पन्न आहे का. वर्गातल्या बऱ्याच जणांनी हो टिक केलं. ते उत्पन्न नाही, आपण ते राज्य शासनाच्या वतीनं गोळा करतो आणि शासनाला भरायचं असतं, म्हणजे जमा झाल्या क्षणापासून ते देणं आहे. वृक्ष कर मात्र आपला. सगळ्यांना हे माहीत असतं पण बजेटच्या तक्त्यात बिलाची एकूण रक्कम उचलून टाकायची सवय असते, आणि तिथंच घोळ होतो.

नंतरचा अर्धा दिवस लेखासंकेतांक, म्हणजे २००४ च्या राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमपुस्तिकेतले कोड. कर उत्पन्न ११०, शासनाकडून मिळणारा हिस्सा आणि नुकसानभरपाई १२०, गाळेभाडं वगैरे १३०, फी आणि वापर शुल्क १४०, महसुली अनुदान १६०, खर्चाकडं आस्थापना २१०, प्रशासकीय २२०, देखभाल दुरुस्ती २३०. हे कुणाला नवीन नव्हतं, दुपारची वेळ, जेवणात मसालेभात झालेला, निम्मा वर्ग पेंगला. या भागाबद्दल जास्त लिहीत नाही. एवढंच की बजेट आणि हिशोब एकाच कोडवर ठेवले तरच वर्षाच्या मध्ये तुलना करता येते. आमच्याकडं बजेटची पुस्तिका जुन्या मथळ्यांवर छापायची आणि कॅशबुक नव्या कोडवर चालायचं, मग दोन्हीचा मेळ घालायला जानेवारीत रात्री जागायच्या.

खरं ट्रेनिंग दुसऱ्या दिवशी सुरू झालं. शिकवायला एक निवृत्त लेखाधिकारी होते, नांदेडकडचे, प्रोजेक्टर लावलाच नाही त्यांनी. फळ्यावर लिहिलं, "बँकेत किती? त्यातले आपले किती?" आणि म्हणले, ज्याला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं त्यानं चहाला जायला हरकत नाही. कुणी उठलं नाही.

मग त्यांनी एक उदाहरण मांडलं. समजा सगळी खाती मिळून बँकेत ८ कोटी आहेत. त्यातले वित्त आयोगाच्या अनुदानाचे बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामालाच वापरायचे, २ कोटी. नगरोत्थान योजनेचे अडीच कोटी. दलित वस्ती सुधारचे १ कोटी. ठेकेदारांची बयाणा आणि सुरक्षा अनामत ६० लाख. शासनाला भरायचा शिक्षण कर, रोहयो कर ४० लाख. बिलातून कापून ठेवलेला टीडीएस, जीएसटीचा टीडीएस, बांधकाम कामगार उपकर असे मिळून १० लाख. स्वनिधीतून, म्हणजे नगर परिषदेच्या स्वतःच्या पैशातून, मंजूर पण न दिलेली बिलं १ कोटी. वजा करत गेलं की उरतात ४० लाख. आणि स्वनिधीतून महिन्याला खर्च ३० लाख असेल तर या आठ कोटीवाल्या नगर परिषदेकडं जेमतेम सव्वा महिन्याचं राशन आहे. वर्गात एकदम शांतता, कारण प्रत्येकजण मनातल्या मनात आपल्या गावचे आकडे टाकायला लागला होता. आपापला तक्ता भरायला सांगितला. माझ्या गावचे आकडे इथं देणार नाही पण उरलेली रक्कम बघून मी ती बेरीज परत केली, आणि शेजारच्या हिंगोलीकडच्या मॅडमचं उत्तर वजामध्ये आलेलं, म्हणजे योजनेच्या पैशातून वीजबिल गेलेलं असणार हे त्यांनी तिथंच ओळखलं. त्या रात्री त्या जेवायला आल्या नाहीत, ऑफिसच्या फोनवरच होत्या.

माझ्या मते सगळ्या ट्रेनिंगचं सार या एका तक्त्यात आहे. बाकी सगळं शिकवलं ते चांगलं होतं, पण हा तक्ता नसेल तर शून्याधारित, निष्पत्तीवर आधारित, अमुक आणि तमुक कुठलंच बजेट उभं राहत नाही, कारण पायाच खोटा असतो.

जमेची बाजू कशी धरायची यावर जवळजवळ पूर्ण दिवस गेला आणि तो गेला ते बरं झालं. आपल्याकडं जुनी रीत अशी की आधी खर्च लिहायचा, कोणत्या प्रभागात कोणती कामं, कुणाचा रस्ता, कुणाची नाली, मग एकूण खर्च येईल त्याला पुरेल एवढी जमा घरपट्टीच्या ओळीत चढवायची आणि शेवटी थोडीशी शिल्लक दाखवून शिल्लकी अंदाजपत्रक म्हणून पेपरला बातमी द्यायची. तूट दाखवता येत नाही त्यामुळं ताण सगळा जमेच्या आकड्यावर येतो.

सरांनी घरपट्टीचं उदाहरण घेतलं. समजा चालू मागणी १ कोटी आणि थकबाकी २ कोटी. रूढ पद्धतीत काय करतात, ३ कोटीच्या ७० टक्के वसुली धरतात, २ कोटी १० लाख. आता तीच थकबाकी वयानुसार फोडा. चालू मागणीची वसुली तीन वर्षांच्या सरासरीनं ६५ टक्के, म्हणजे ६५ लाख. गेल्या वर्षाची थकबाकी ५० लाख, त्यातली ३० टक्के येते, १५ लाख. त्याआधीची दीड कोटी, तिच्यातली ५ टक्के आली तरी नशीब, साडेसात लाख. झाले साडेसत्याऐंशी लाख. म्हणजे बजेटच्या पहिल्याच ओळीत सव्वा कोटीच्या आसपास हवा. आणि या हवेवर आपण कार्यारंभ आदेश देतो. थकबाकी फुगायचं एक कारण महिना २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, ती मागणीत चढत राहते, लोक भरत नाहीत कारण कधीतरी शास्ती माफीची योजना येईल म्हणून थांबतात, आणि आली की जो वेळेवर भरतो तो आपल्याला शिव्या घालतो. त्याचं बरोबरच आहे म्हणा.

यात एक गोष्ट मला नव्यानं लक्षात आली. दिव्यांग कल्याणाला ५ टक्के, महिला व बालकल्याणाला ५ टक्के, दुर्बल घटकांना ५ टक्के, या तरतुदी आपल्याला स्वतःच्या उत्पन्नावर कराव्या लागतात. जमा फुगवली की या तरतुदी पण फुगतात, प्रत्यक्षात पैसा येत नाही म्हणून खर्च होत नाहीत, आणि मग लेखापरीक्षणात आक्षेप की तरतूद अखर्चित का, अनुशेष पुढं ओढा. दरवर्षी ओढत गेलं की एक दिवस दिव्यांग बांधव कार्यालयासमोर उपोषणाला बसतात आणि त्यांच्या हातात आपणच छापलेली बजेटची पुस्तिका असते. म्हणजे सभागृहाला खूश करायला लिहिलेला आकडा कायद्यानं आपल्याच गळ्यात पडतो.

महिनावार रोख प्रवाह हा पुढचा भाग. घरपट्टीचा निम्म्याहून जास्त पैसा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, लोक अदालतीच्या आसपास थोडा, दिवाळीआधी थोडा. वीजबिल, सफाईचा ठेका, टँकर, डिझेल हे मात्र बारा महिने. पेन्शन आणि पगारासाठी शासनाचं सहायक अनुदान येतं पण ते कधी पाच तारखेला, कधी वीसला. हे सगळं बारा रकान्यात मांडलं की जून ते सप्टेंबर लाल दिसायला लागतो. प्रत्येक नगर परिषदेचा लाल. आणि नेमकं त्याच महिन्यात पाऊस, नाले, साथीचे रोग. सप्टेंबरच्या अतिवृष्टीनंतर आमच्याकडं आकस्मिक खर्चाला जी तरतूद होती ती जेसीबीच्या भाड्यातच संपली होती, त्यामुळं या रकान्यांकडं मी जरा जास्तच वेळ बघत बसलो.

लातूरकडून आलेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं इथं एक भर घातली जी पुस्तकात नव्हती. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं हे सगळ्यांना आठवतं, ते म्हणले, "नळाला पाणी नाही तेव्हा पाणीपट्टी मागायला दारात कोण जाणार? जमा बंद आणि टँकरचा खर्च दुप्पट, दोन्ही एकाच वेळी." म्हणून मराठवाड्यातल्या नगर परिषदेनं पाण्याचं बजेट दोन प्रकारे करावं, धरण भरलं तर एक आणि नाही भरलं तर एक, आणि ऑक्टोबरात धरणाची पातळी कळली की त्यातलं कोणतं लागू ते ठरवून सुधारित अंदाज घ्यावा. सरांना हे इतकं आवडलं की त्यांनी गटकार्यात हाच विषय दिला.

आमच्या गटाला पाणीपुरवठा मिळाला. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयानं २००८ मध्ये सेवास्तर मानकं काढलेली आहेत, माणशी १३५ लिटर, गळती आणि बेहिशेबी पाणी २० टक्क्यांच्या आत, देखभालीचा खर्च १०० टक्के वसूल, बिल वसुली ९० टक्के. ती फळ्यावर लिहिल्यावर वर्गात हशा पिकला, कारण आमच्यापैकी बऱ्याच गावात पाणीच चार-पाच दिवसाआड येतं. पण सर म्हणले हसू नका, मानक गाठायचं नंतर, आधी आपण कुठं उभे आहोत तो आकडा तर काढा, एक हजार लिटर पाणी घरात पोचवायला आपल्याला किती रुपये पडतात हे कुणी कधी काढलंय का. वीज, तुरटी, क्लोरीन, पंपाची दुरुस्ती, माणसं, सगळं धरून. काढलं. आम्ही नळधारकाकडून वर्षाला घेतो ती रक्कम आणि हा खर्च यांच्यात जे अंतर निघालं ते घरपट्टीतून भरलं जातं, म्हणजे ज्याच्याकडं नळ नाही तो पण घरपट्टीतून दुसऱ्याच्या पाण्याचे पैसे देतोय. हे असं आकड्यात समोर आलं की डोकं फिरतं.

शून्याधारित अंदाजपत्रक मला आधी फक्त परीक्षेपुरतं माहीत होतं, महाराष्ट्रानं ते १९८० च्या दशकात स्वीकारलं वगैरे. म्हणजे गेल्या वर्षीच्या आकड्यावर दहा टक्के वाढवायचे नाहीत, प्रत्येक खर्च शून्यापासून सिद्ध करायचा. सगळ्या खर्चाला हे करणं छोट्या नगर परिषदेला शक्य नाही, माणसंच नाहीत, दोन लिपिकांवर लेखा विभाग चालतो. पण एखाद-दुसऱ्या खर्चाला करता येतं आणि तो खर्च शक्यतो वीजबिल असावा. म्हणून मीटरवार बिलं आणायला लावली होती. बसून एकेक मीटर बघितलं तर एका गटात असे मीटर निघाले जे जुन्या विहिरी-बोअरचे होते, नवी योजना आल्यावर पंप काढून नेलेला, मीटर तसाच, स्थिर आकार दर महिन्याला भरणं चालूच. माझ्या फायलीत पण होते असे.

अनुदानातून उभ्या केलेल्या मालमत्तेचा विषयही इथंच निघाला. बाग, सभागृह, व्यायामशाळा, जलशुद्धीकरण केंद्र, घंटागाड्या. बांधायला, घ्यायला पैसे शासन देतं, चालवायला आपण. भांडवली कामाच्या प्रस्तावासोबत पुढच्या पाच वर्षांचा देखभाल खर्च एका कागदावर जोडायचा, एवढंच सांगितलं. साधी गोष्ट आहे, आणि आमच्याकडं ती आजवर कधी झालेली नव्हती.

वित्त आयोगाबद्दल थोडं, कारण सगळ्यांचा जीव त्यात अडकलेला असतो. १५ व्या वित्त आयोगात दहा लाखाच्या आतल्या शहरांना अनुदानाचे ४० टक्के अबंधित, ३० टक्के पाण्याला आणि ३० टक्के स्वच्छता-घनकचऱ्याला असं होतं. अबंधित म्हणजे काहीही करा असं नव्हतं, पगार आणि आस्थापनेला ते वापरता येत नव्हतं. लेखे ऑनलाइन प्रसिद्ध करणं आणि मालमत्ता कराची वाढ राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वाढीशी जुळणं अशा अटी त्याला जोडलेल्या होत्या. या आयोगाचा काळ मार्च २०२६ ला संपणार होता आणि एप्रिलपासून १६ वा, त्यामुळं २०२६-२७ च्या बजेटमध्ये गेल्या वर्षीचा आकडा कॉपी-पेस्ट करू नका, हे सरांनी दोनदा सांगितलं. तरी शेवटच्या दिवशीच्या सादरीकरणात दोन गटांनी तोच आकडा टाकलेला होता.

म्युनिसिपल बाँडवर, म्हणजे पालिकेनं काढायच्या कर्जरोख्यांवर, पण एक सत्र झालं. अहमदाबादनं १९९८ मध्ये काढले, पुण्यानं २०१७ मध्ये पाण्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे. ऐकायला छान. ज्या नगर परिषदेला जून महिना काढता येत नाही तिला कर्जरोखे शिकवून काय उपयोग, असं माझं मत तेव्हाही होतं आणि आत्ताही आहे. नागरिक सहभागाच्या बजेटचं सत्र त्यापेक्षा कामाचं होतं, पण वेळ कमी पडला.

शेवटी एक्सेलवर प्रॅक्टिकल परीक्षा आणि गटाचं सादरीकरण. परीक्षेची भीती बाळगू नका, आपल्याच गावच्या आकड्यांवर असते, आकडे सोबत असतील तर तासाभरात होतं. ज्यांनी आकडे आणले नव्हते त्यांना कुठल्यातरी काल्पनिक नगर परिषदेचे दिले, ते बिचारे परत जाऊन काय करणार होते.

आता खरा भाग. परत आल्यावर थोड्याच दिवसात नगर परिषद निवडणुकीची आचारसंहिता लागली. बरीच वर्षं आमच्याकडं प्रशासकच होते, सीओ साहेबच सगळं, त्यामुळं बजेट म्हणजे दोन सह्यांचा विषय झालेला. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीनंतर थेट निवडून आलेल्या नगराध्यक्षा आणि नवे नगरसेवक आले, निम्मे पहिल्यांदाच, आणि प्रत्येकानं प्रचारात काहीतरी कबूल केलेलं. अशा वेळी जमेचा आकडा कमी करून बजेट मांडायचं म्हणजे काय होणार ते दिसतच होतं.

मी आधी सीओ साहेबांना तो आठ कोटीवाला तक्ता आमच्या आकड्यांनी भरून दाखवला. त्यांनी दोन वेळा वाचला आणि म्हणले, "हे सभागृहात नका मांडू, आधी नगराध्यक्षांना एकट्यांना दाखवू." हा सल्ला सोन्यासारखा होता. नगराध्यक्षा ताईंनी घरचं दुकान चालवलेलं, त्यांना उधारी आणि गल्ला यातला फरक सांगावा लागला नाही. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "मग सध्या लाइटचं बिल कशातून भरायलेत तुम्ही?" मी खरं ते सांगितलं. त्या बऱ्याच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणल्या मांडा, पण कुणाचं काम कापलं असं दिसू देऊ नका.

म्हणून रचना बदलली. पुस्तिकेचे दोन भाग केले, स्वनिधीचा वेगळा आणि योजनांचा वेगळा, आधी दोन्ही मिसळून असायचे त्यामुळं कुणाला काही कळायचं नाही. प्रभागातली कामं कापली नाहीत, प्राधान्यक्रम लावून यादी जोडली आणि वर लिहिलं की वसुली अमुक टप्प्यावर पोचली की यादीतली पुढची कामं घेतली जातील. वसुली पत्रकाची प्रत दर महिन्याला सदस्यांना मिळेल हेही त्यात टाकलं, ज्यामुळं कर निरीक्षक माझ्यावर अजून नाराज आहेत.

विशेष सभेत दोन-अडीच तास गदारोळ झाला. एक जुने सदस्य उभे राहिले, "मागच्या वेळेस एवढ्या कोटीचं बजेट होतं, यंदा त्यापेक्षा कमी? गाव पुढं चाललंय का मागं? मी प्रभागात काय सांगू?" बजेटचा आकडा हा लोकांना गावच्या अब्रूचा विषय वाटतो हे मला तोपर्यंत इतकं जाणवलं नव्हतं. कुणी म्हणलं लेखापालांनी ट्रेनिंगहून काहीतरी उलटं शिकून आणलंय. मी तक्ता वाचला, वजा करत करत, आणि उरलेल्या आकड्यापाशी आलो तेव्हा आवाज थोडा खाली आला. एका तरुण सदस्यानं विचारलं की मग अनामतीचे पैसे ठेकेदारानं आज मागितले तर आहेत का आपल्याकडं. हा प्रश्न सभेत विचारला गेला याचंच मला बरं वाटलं.

सगळं जसंच्या तसं पास झालं असं समजू नका. घरपट्टीचा आकडा मी दिला त्याच्या जवळ राहिला, पण गाळेभाड्याचा सभागृहानं वाढवला, भाडं वाढवायचा ठराव न करता नुसता आकडा वाढवला. बागेचं काम मंजूर झालं, देखभालीचा कागद जोडलेला होता तो कुणी वाचला असं वाटत नाही. आकस्मिक खर्चाची तरतूद मात्र वाढवून मिळाली, सप्टेंबर सगळ्यांच्या डोळ्यासमोर होता. पाण्याचं दुहेरी बजेट 'गोंधळ होईल' म्हणून काढायला लावलं, ते मी सुधारित अंदाजाच्या वेळी परत मांडणार आहे, तेव्हा धरणाची पातळी माझ्या बाजूनं बोलेल किंवा नाही बोलणार.

जुने मीटर बंद करायचा अर्ज बजेटआधीच दिला होता, बहुतेक निघाले, एकाचा वाद चालू आहे कारण थकबाकी कुणाच्या काळातली त्यावर एकमत नाही.

जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की आकडे घेऊन जा, तीन वर्षांचे, आणि दायित्वाची यादी तर नक्की. सीओ साहेब सोडत नसतील तर त्यांना सांगा की योजनेच्या पैशातून वीजबिल गेलं तर पुढं वसुली कुणावर निघते, सोडतात. जमलं तर कर निरीक्षकाला सोबत न्या. एकटा लेखापाल शिकून आला की तो ऑफिसात शत्रू होतो, दोघं आले की निदान जेवायला कुणीतरी सोबत असतं. आणि परत आल्यावर लगेच एखाद्या खात्यावर करून बघा, जानेवारीची वाट बघितली की वही कपाटात जाते.

आमच्याकडं चतुर्थ वार्षिक कर आकारणी, म्हणजे दर चार वर्षांनी मालमत्तांची नव्यानं करायची आकारणी, कधीपासून रखडलेली आहे, नवीन बांधलेली घरं जुन्याच आकारणीवर आहेत, आणि खरं उत्पन्न वाढायचा रस्ता तोच. तो विषय त्याच सभेत शेवटी घेतला होता, वेळ संपल्याचं कारण सांगून तहकूब झाला. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर मी तो पहिल्या क्रमांकावर टाकून दिलाय, बघू कोण खाली सरकवतं ते.